दोन पडिकांची गोष्ट



कोकणातील कष्टकऱ्याच्या घरी जेवण म्हणजे भात. परंतु अलिबाग-पेणच्या खाडीकाठी हा भात ज्या जमिनीत पिकतो, ती निसर्गाने आयती दिलेली नाही. माणसांनी मातीचे बांध घालून समुद्राला थोपविले, भरतीचे पाणी अडविणाऱ्या व पावसाचे बाहेर सोडणाऱ्या उघाड्या बसविल्या, पावसाळी पाण्याने क्षार धुऊन काढले, तेव्हा कोठे तेथे लावणी झाली. बांध फुटला की खारे पाणी शिरते आणि जमीन काही वर्षे भाताला मुकते. एकाच्या हद्दीतले भगदाड साऱ्या गावाला बुडविते. म्हणून बांध हे स्वभावतःच सामाईक श्रमाचे काम आहे.

श्रम सामाईक, फळ मात्र खोताचे, हा अन्याय चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली झुगारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमीन न कसण्याचा त्यांचा संप १९३९ पर्यंत टिकला. रानात मोळी तोडून, खाडीत मासे धरून त्यांनी पोट भरले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ साली खोती कायद्याने गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन कुळाला मालकी देणारा ठरला.

जमीन कोणाची, याचे उत्तर मिळाले. बांध कोणी राखायचा, हा प्रश्न मात्र उरला. १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा झाला, तरी बांध फुटणे थांबले नाही. भाताची आधारभूत किंमत २०२५-२६ साठी क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. पण ज्याचे पीक वर्षाच्या घरखर्चालाच पुरत नाही, त्याला बाजारभावाचा दिलासा कसला? त्याला हवी आहे पावसाआधी बांधाची डागडुजी आणि त्या कामाची रास्त मजुरी. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, तो अशाच कामांसाठी. बांधाचे काम त्या मजुरीशी जोडावे आणि त्यावर देखरेख कसणाऱ्यांच्या समितीची असावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे.

आजोबांनी जमीन पडीक ठेवली ती लढ्यासाठी; नातू ती पडीक टाकतो ते परवडत नाही म्हणून. पहिल्या पडिकात निर्धार होता, दुसऱ्यात हताशा आहे. त्या हताशेला पुन्हा निर्धाराचे रूप देणे, हेच चळवळीचे काम.