एक सरकारी नोकर, तीन नावे



परप्रांतात मातृभाषेचा संसार पन्नास वर्षे चालविणाऱ्या या मंडळापुढे आज आम्ही एका आयरिश कादंबरीकाराचे चरित्र सांगणार आहोत.

ब्रायन ओ'नोलन यांचा जन्म १९११ साली स्ट्रबेन या गावी झाला. वडिलांच्या आग्रहामुळे घरात आयरिशच बोलली जाई. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील शिक्षणानंतर १९३५ साली ते सरकारी नोकरीत शिरले. १९३७ साली वडील निवर्तले आणि मोठ्या कुटुंबाचा भार त्यांच्या पगारावर आला. सरकारी सेवेत केस पिकलेल्या आम्हांस त्या पगाराचे मोल निराळे सांगावयास नको.

१९३९ साली ‘फ्लॅन ओ'ब्रायन’ या नावाने त्यांची ‘अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स’ ही कादंबरी निघाली. जेमतेम अडीचशे प्रती खपल्या. उरलेला साठा १९४० च्या बाँबहल्ल्यात लंडनमध्ये जळाला. त्याच वर्षी ‘द थर्ड पोलिसमन’ प्रकाशकाने साभार परत केली. हस्तलिखित हरवले, असे ते मित्रांना सांगत. वास्तविक ते घरातच होते. १ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि पुढल्या वर्षी ती कादंबरी छापली गेली. आज तिलाच त्यांची श्रेष्ठ कृती मानणारे रसिक पुष्कळ आहेत.

‘माइल्स ना गोपालीन’ या तिसऱ्या नावाने ते १९४० पासून ‘आयरिश टाइम्स’मध्ये सदर लिहीत. त्यात मंत्र्यांचीही गय नसे. अखेर १९५३ साली, ऐन एकेचाळिशीत, त्यांना सेवानिवृत्त व्हावे लागले.

१९४१ साली त्यांनी आयरिश भाषेत ‘अन बेल बॉख्त’ लिहिली. तीत शहरी भाषाभक्त एका दरिद्री खेड्यात उत्सव भरवितात. अध्यक्ष आयरिशमधून आयरिशविषयीच बोलत राहतात, आणि उपाशी गावकरी कोसळतात. हा उपहास भाषेच्या शत्रूचा नव्हे. आईच्या मांडीवर ती भाषा शिकलेल्या पुत्राचा आहे. भाषेचे गोडवे गाणाऱ्यांना ती बोलणारी माणसे दिसत नाहीत, हे त्यांचे दुःख होते.

सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात ही गोष्ट मुद्दाम सांगितली. व्यासपीठावरील आमच्यासारख्यांची भाषणे ऐकून आपली नातवंडे मराठी शिकणार नाहीत. ओ'नोलन यांना भाषा मिळाली ती घरात, रोजच्या बोलण्यातून. आपल्या घरांतून हट्ट, रुसवे आणि थट्टामस्करी मराठीत चालली, तरच हीरकमहोत्सवाला मराठी श्रोते लाभतील.