पोलादनगरीतील प्रकृती

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग ओलांडले की भिलाई लागते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांतून पोलादाचे नगर उभे राहिले. शेतकऱ्याचा मुलगा कामगार झाला आणि कामगाराचा मुलगा कित्येकदा नियंत्रणकक्षातील खुर्चीवर बसला. ही प्रगतीच होय. परंतु या प्रगतीचा हिशेब देहालाही द्यावा लागतो. घाम गाळण्याचे काम यंत्राने उचलले, ताटातील भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला.

देहाचे हे गणित जगाला प्रथम स्पष्ट दिसले ते लंडनच्या दुमजली बसमध्ये. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. गाडी एकच, रस्ता एकच. फरक होता तो पायांच्या हालचालीचा. आपल्या देशात तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे दाखवून दिले. चालताना, जिना चढताना स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. बसून राहणाऱ्याच्या स्नायूंना तिची फारशी गरजच उरत नाही.

पोलादाच्या कारखान्याची अडचण याहून निराळीही आहे. भट्टी रात्री विझवता येत नाही. म्हणून माणसाने पाळीपाळीने जागावे लागते. परंतु देहाचे आतले घड्याळ कारखान्याचा भोंगा ऐकून फिरत नाही. रात्री साखर पचविण्याची शक्ती मंदावते. दुपारी सहज पचणारे जेवण मध्यरात्री रक्तात अधिक काळ साखर चढवून ठेवते. यास्तव रात्रपाळीच्या माणसाने मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी उरकावे, मध्यरात्री हलके काही खावे, जागरण निभावण्यासाठी गोड चहाचे पेले रिचवू नयेत आणि दिवसाच्या झोपेला घरातील सर्वांनी मान द्यावा. यातली शेवटची गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

आहाराविषयी छत्तीसगडाला परक्याकडून फारसे शिकावे लागू नये. रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, म्हणजे तेथील ‘बासी’, कांदा, मिरची व चटणीबरोबर सकाळी खाऊन पिढ्यान्पिढ्या माणसे शेतावर गेली. राज्य सरकारने २०२२ साली १ मे या कामगारदिनी हे अन्न खाण्याचे आवाहन करून त्याचा गौरवही केला. तथापि बासीमागे दिवसभराची नांगरणी होती, हे विसरून चालणार नाही. खुर्चीवर बसणाऱ्याने भात कमी करून त्या जागी डाळ, लाल भाजी, चेच भाजी यांसारख्या तिथल्याच पालेभाज्या वाढवाव्यात. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला पाणी व क्षार यांची भरपाई डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी लागते. कचेरीत बसणाऱ्याने मात्र त्याच्या नावावर लोणची-पापड वाढून घेऊ नयेत.

उरला व्यायाम. त्याच संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास झपाझप चालणे, आठवड्यातून पाच दिवस, एवढाच त्याचा अर्थ. मराठी घरांना याहून जवळची वाटही ठाऊक आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला व आपल्या संस्थानातील शाळांतही ते सुरू केले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून हेच व्रत चालवीत आले आहे. सूर्यनमस्काराला एका चटईची जागा पुरते, आणि पाळी बदलली तरी तो करण्याची वेळ बदलून घेता येते. मात्र चाळिशी उलटलेल्याने, विशेषतः छातीत दुखणे वा रक्तदाब असल्यास, आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी व हळूहळू संख्या वाढवावी.

झोतभट्टीचे आतले अस्तर झिजले की ती काही काळ बंद ठेवून नवे अस्तर घालता येते. देहाच्या भट्टीला ती सवलत नाही. निवृत्तीनंतर वेळच वेळ मिळेल, तेव्हा प्रकृतीकडे पाहू, असे म्हणणारा कामगार ज्या दिवसाची वाट पाहतो, त्या दिवशी चालायला गुडघे आणि पचवायला जठर शाबूत असले पाहिजेत. ते राखण्याचे काम नोकरीच्या वर्षांतच, रोजच्या अर्ध्या तासाने आणि रोजच्या ताटानेच होत असते.