नकाशाखालची सही



कारखान्यांच्या आणि कामगारांच्या या कुपवाडनगरीत वास्तुरचनाकार व अभियंत्यांची ही परिषद भरते आहे. 1998 साली सांगली-मिरजेसह आमची एक महापालिका झाली. महापालिका आली की आराखडे येतात; आणि नवा रस्ता आखला की तो कुणाच्या तरी अंगणातून जातो, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून ‘सत्ता आणि वास्तुरचनाकार’ हा परिषदेचा विषय आम्हाला परका नाही.

या विषयात अल्बर्ट स्पीअरचे नाव टाळता येत नाही. वास्तुरचनाकाराचा मुलगा, हुशार. 1931 मध्ये नाझी पक्षात गेला आणि तिशीच्या आत हिटलरचा लाडका वास्तुरचनाकार झाला. 1937 पासून बर्लिनच्या जागी नवी राजधानी उभारण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यातल्या भव्य सभागृहाच्या घुमटाची उंची 290 मीटर ठरली होती. बांधकामांचा भार तिथली जमीन पेलेल का, हे तपासायला 1941 मध्ये साडेबारा हजार टनांचा काँक्रीटचा ठोकळा उभारला. तो खचला, आजही तिथेच आहे. घुमट झालाच नाही. मात्र त्या राजधानीपायी हजारो ज्यू कुटुंबे घराबाहेर काढली गेली आणि त्यात स्पीअरच्या कार्यालयाचा हात होता. त्याच्या बांधकामांसाठी ग्रॅनाइट फोडत होते फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीतले कैदी.

1942 मध्ये तो शस्त्रास्त्रमंत्री झाला. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर ज्यूंच्या संहाराची आपल्याला कल्पना नव्हती, असे तो सांगत राहिला. पण 1943 मध्ये ज्या सभेत एसएस-प्रमुख हिमलर त्या संहाराविषयी उघड बोलला, त्या सभेत आपण होतो, ही कबुली त्याने 1971 च्या एका खासगी पत्रात दिली. ते पत्र 2007 मध्ये जगापुढे आले. ज्याने दगडाचे माप ठरवले, त्याला तो फोडणाऱ्यांची चौकशी करता आली असती. त्याने ती केली नाही, हा माझ्या मते त्याचा पहिला गुन्हा.

याउलट, त्याच बर्लिनमध्ये शिकलेला दुसरा वास्तुरचनाकार ऑटो कोनिग्सबर्गर. त्याला ज्यू म्हणून 1933 मध्ये नोकरी गमवावी लागली. 1939 मध्ये तो म्हैसूर संस्थानात आला. भुवनेश्वरचा आराखडा त्याचाच. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या घरांसाठीही त्याने काम केले.

मित्रहो, येत्या सत्रांत कमानी-घुमटांवर जरूर बोला. पण नकाशाखाली सही करण्याआधी त्या जागेवर आज कोण राहते, ते कुठे जाणार आणि बांधकामावर राबणाऱ्याला मजुरी मिळते का, हे विचारण्याची रीत या परिषदेने ठरावाने घालून द्यावी, अशी माझी आपणास कळकळीची विनंती आहे.