देव्हारा आणि दुर्बीण

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आला आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आहे. मुलगी तो वाचते आणि संध्याकाळी आई दिवा लावत असताना विचारते, "माणूस जर उत्क्रांत होत होत आला, तर देवाने घडवला म्हणतेस ते खोटं का गं?" अशा वेळी आईने काय सांगावं? पुस्तक खोटं म्हणावं, की देव?

आधीच सांगून टाकतो. आमच्या गटात रोज पूजा करणाऱ्या आहेत, वर्षातून एकदा गौरी बसवणाऱ्या आहेत आणि देव अजिबात न मानणाऱ्याही आहेत. आम्हीही यावर भांडलो. त्या भांडणातून जे सगळ्यांच्या हाती लागलं, तेवढंच आज मांडतो आहोत.

पहिली गोष्ट 'सिद्धांत' या शब्दाची. "हा नुसता सिद्धांत आहे" असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला अंदाज म्हणायचं असतं. विज्ञानात तसं नाही. तिथे सिद्धांत म्हणजे अनेक पुराव्यांना एकत्र बांधणारं स्पष्टीकरण. आणि त्याला एक अट असते. काय दिसलं तर मी चुकीचा ठरेन, हे त्याला सांगता आलं पाहिजे. म्हणजे आपण भाताचं शीत दाबून बघतो ना, तसं. शिजलाय असं कितीही मोठ्या माणसाने सांगितलं, तरी शीत कच्चं निघालं की पातेलं परत चुलीवर जातं.

आता एक खरी हकिगत ऐका. विश्व एका अतिशय लहान आणि दाट अवस्थेतून पसरत आलं, असं सांगणारा महास्फोटाचा सिद्धांत तुम्ही ऐकला असेल. तो मांडणाऱ्यांत अग्रणी कोण होते? जॉर्ज लमेत्र नावाचे बेल्जियमचे शास्त्रज्ञ, आणि ते चक्क कॅथलिक धर्मगुरू होते. १९२७ साली त्यांनी गणिताने दाखवलं की विश्व प्रसरण पावतं आहे. १९३१ मध्ये त्यांनी त्याच्या आरंभाची कल्पना मांडली.

याला कडाडून विरोध करणारे इंग्लंडचे फ्रेड हॉइल हे नास्तिक. विश्वाला आरंभ आहे म्हटलं की मागच्या दाराने देव येतो, असं त्यांना वाटे. गंमत म्हणजे 'बिग बँग' हे नाव त्यांनीच दिलं, आणि तेही १९४९ साली बीबीसीवरच्या एका रेडिओ भाषणात! आपले जयंत नारळीकर हे याच हॉइल यांचे विद्यार्थी. कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनीही महास्फोटाच्या सिद्धांतावर शेवटपर्यंत शंका घेतल्या, पण त्या दुर्बिणीतून मिळालेल्या निरीक्षणांच्या आधारावर.

मग निकाल कसा लागला? अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन या दोघांना आपल्या अँटेनात एक खरखर ऐकू येत होती. ती काही केल्या जाईना. अँटेनात कबुतरांनी घर केलं होतं, तर त्यांनी विष्ठासुद्धा घासून पुसून काढली. खरखर तशीच. १९६५ साली उलगडा झाला, की ती विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या किरणांची आहे. त्यानंतर बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोट मान्य केला. तो धर्मगुरूने मांडला म्हणून नाही आणि नास्तिकाने नाव दिलं म्हणूनही नाही. शीत शिजलेलं निघालं म्हणून.

याच्या आधी, १९५१ साली खुद्द पोपनी एका भाषणात या नव्या शोधांकडे सृष्टीच्या निर्मात्याचा दाखला म्हणून बोट दाखवलं होतं. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता, नाही का? त्यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, देव मानणारा आणि न मानणारा दोघांनाही तो मोकळं ठेवतो, अशी त्यांची भूमिका होती. ते प्रार्थना मनापासून करत आणि गणितही मनापासून करत. पण गणितात अडलं की तिथे देव घालून पुढे जात नसत.

मग भांडण आहे की नाही? आहे, पण सगळीकडे नाही. देवावरच्या श्रद्धेत दोन प्रकारची वाक्यं असतात. "देव माझ्या पाठीशी आहे", "त्याच्या आठवणीने मला बळ येतं" ही एका प्रकारची. ही तपासायला दुर्बीण नाही की तराजू नाही. दुसऱ्या प्रकारची वाक्यं जगाविषयी दावा करतात. सगळे प्राणी आज आहेत तसेच एकदम निर्माण झाले, जन्मवेळेवरून मुलाची बुद्धी सांगता येते, अमुक मंत्राने विष उतरतं. दावा केला की तो तपासता येतो, आणि तपासल्यावर चुकीचा ठरू शकतो.

नारळीकरांनी असाच एक दावा तपासला होता. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्यातल्या प्रत्येकी चाळीस कुंडल्या २७ ज्योतिषांना दिल्या, आणि कुठली कोणाची ते सांगायला लावलं. बरोबर उत्तरांचं प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. यात देव खोटा ठरला नाही. पत्रिका पाहून मुलीचं लग्न मोडणाऱ्यांचा आधार मात्र गेला.

आमच्यातली एक म्हणाली, "असं एकेक काढून घेतलं तर देवाकडे उरतं काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात, काहीच उरत नाही. काही म्हणतात, जे खरं देवाचं होतं तेच उरतं. याचा निवाडा विज्ञान करून देत नाही, तो ज्याचा त्याने करायचा. म्हणून मुलीला सांगा, "माणूस कसा घडत आला हे जीवाश्म आणि आनुवंशिकता सांगतात, ते पुस्तकातलं नीट शिक. देव मानायचा की नाही, हे तू मोठी होऊन ठरव. पण देवाचं नाव घेऊन पुरावा नाकारू नकोस."

मैत्रिणींनो, हा वाद आपल्याला परवडत नाही तो दुसऱ्याच कारणासाठी. तपासून न पाहिलेल्या दाव्याची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते. ग्रहणात गरोदर बाईने चिरू नये, खाऊ नये, पाणी पिऊ नये, अंधारात बसून राहावं. आणि बाळ दुभंगलेला ओठ घेऊन आलं, तर जन्मभर तिला ऐकवायचं, "ग्रहणात विळी धरली होतीस!" खरं तर बाळाचा वरचा ओठ जुळतो तो पोटातल्या पहिल्या दोन महिन्यांत. तो न जुळण्यामागे आनुवंशिकता असू शकते, फॉलिक ॲसिडची कमतरता, तंबाखू किंवा काही औषधंही असू शकतात. चंद्राच्या सावलीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि त्यावर शस्त्रक्रिया होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते. आशाताईंना विचारा.

आपल्या कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं सांगत होते की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात वारी, भजन, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही. पण साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. म्हणजे देवाचं नाव घ्यायला कोणाचीच हरकत नाही. आधी १०८ ला फोन लावा, आणि नाव गाडीत बसून घ्या.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका, खरा धोका तेवढाच. खास चष्म्यातून बघा, मुलांनाही दाखवा. पावसाने ढग आणले तर नाइलाज! घरात जप करायचा की नाही, आंघोळ करायची की नाही, ते ज्या त्या घराने ठरवावं. गरोदर बाईला मात्र वेळेवर जेवायला वाढा.