उज्जैनची सावली आणि सहाध्यायींचे गणित



उज्जैनचे नाव घेताच महाकालाचे मंदिर, क्षिप्रेचे घाट आणि बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ मेळा प्रथम डोळ्यांपुढे येतो. गणिताच्या विद्यार्थ्याला मात्र या नगरीचा आणखी एक परिचय असावयास हवा. प्राचीन भारतीय ज्योतिषात पृथ्वीची मध्यरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानीत व कालगणना त्या रेषेवरून करीत. सहाव्या शतकातील वराहमिहिर हे याच अवंती प्रदेशाचे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी ज्या पाच वेधशाळा उभारल्या, त्यांपैकी एक उज्जैनला आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, १९२३ साली, तिचा जीर्णोद्धार झाला. गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांनी तिचे अधीक्षकपद सांभाळले. तेथील सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र व शंकुयंत्र विद्यार्थ्यांना आजही पाहावयास मिळतात.

त्रिकोणमिती व कलन या दोन विषयांची अकरावी-बारावीच्या वर्गात मोठी धास्ती असते. पहिल्या विषयाची जोपासना याच ज्योतिषपरंपरेने केली व दुसऱ्याची बीजेही तिच्यात आढळतात. म्हणून सहाध्यायींनी एकमेकांच्या साह्याने ही उदाहरणे कशी सोडवावीत, याचा विचार उज्जैनच्याच एका उदाहरणावरून करणे उचित ठरेल.

या प्रश्नाचे महत्त्व ग्रामीण पालकांना सांगावयास नको. दहावीपर्यंत बरे गुण मिळविणारा विद्यार्थी पुढे सीमा, अवकलन व समाकलन यांच्यापाशी अडतो. शहरातील शिकवणीचे शुल्क घरच्या ऐपतीबाहेरचे असते आणि महाविद्यालय सुटल्यावर शंका विचारावी असे जवळपास कोणी नसते. चार-सहा महिन्यांत मुलगा किंवा मुलगी गणित सोडून देते व त्याबरोबर अनेक शास्त्रीय आणि तांत्रिक शिक्षणक्रमांची वाटही बंद होते. बुद्धी कमी पडल्यामुळे असे घडते, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. पुष्कळदा ज्या पायरीवर पाय अडखळला, ती पायरी दाखविणारे कोणी जवळ नसते, एवढेच कारण असते. असा माणूस बहुधा शेजारच्या बाकावरच बसलेला असतो.

आता उदाहरण पाहू. उज्जैनचे अक्षांश सुमारे २३ अंश ११ कला आहेत. तेथे सपाट जमिनीवर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी केली, तर मार्चमधील संपातदिनी स्थानिक मध्याह्नी तिची सावली किती पडेल? चार सहाध्यायी हे उदाहरण घेऊन बसले आहेत असे समजावे. एकाला स्पर्शज्येचे सूत्र पाठ आहे, परंतु कोन कोणता घ्यावयाचा हे त्याला ठाऊक नाही. दुसरी आकृती काढते. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या माथ्यावर असतो, त्याचे किरण समांतर येतात, म्हणून काठी व किरण यांतील कोन अक्षांशाइतकाच होतो, असे ती व्युत्क्रम कोनांच्या आधारे दाखविते. तिसरा कोष्टकातून ०.४२८ ही स्पर्शज्या काढतो. सावली सुमारे ४३ सेंटिमीटर येते. एकट्याने कोणीच उत्तरापर्यंत पोचले नसते. तिघांच्या अर्ध्या-अर्ध्या ज्ञानातून पूर्ण उत्तर सिद्ध झाले.

येथून पुढे कलनाचा प्रांत सुरू होतो. संपातानंतर सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, रोज किती वाढते? क्रांतीची ज्या काढण्यासाठी सूर्याच्या भोगांशाच्या ज्येला ०.३९८ ने गुणावयाचे असते आणि भोगांश दररोज सुमारे एक अंश वाढतो. ज्येचा अवकलज कोज्या होय आणि शून्य अंशाची कोज्या एक. तेव्हा चौथा विद्यार्थी घाईने मांडतो की, एका दिवसात क्रांतीची ज्या ०.३९८ ने वाढेल. सूत्र बरोबर, गुणाकारही बरोबर. परंतु आकृती काढणारी विद्यार्थिनी विचारते, ‘अरे, मग सूर्य एका दिवसात विषुववृत्तावरून थेट कर्कवृत्तावर पोचेल. त्याला तर तीन महिने लागतात ना?’ सारे थबकतात. शोधाअंती उलगडा होतो. ज्येचा अवकलज कोज्या असतो तो कोन रेडियनमध्ये मोजला असतानाच. एक अंश म्हणजे ०.०१७४५ रेडियन. ही दुरुस्ती केली की क्रांतीची दैनिक वाढ सुमारे २४ कला येते आणि काठीची सावली रोज जवळजवळ आठ मिलिमीटरने आखूड होते. हे अंतर साध्या मोजपट्टीने शाळेच्या पटांगणातही मोजता येईल.

तीच काठी २१ जूनच्या सुमारास पाहावी. सूर्याची क्रांती तेव्हा २३ अंश २६ कला, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशापेक्षा जेमतेम १५ कला अधिक असते. मध्याह्नीची सावली चार मिलिमीटरांच्या आसपास उरते. ती जणू काठीच्या पायाशी लपते. त्या दिवशी भोगांश ९० अंश असतात व ९० अंशांची कोज्या शून्य, म्हणून क्रांतीच्या बदलाचा वेगही शून्य होतो. मार्चमध्ये पाच दिवसांत क्रांती सुमारे दोन अंशांनी बदलते. जूनमध्ये मात्र तेवढ्याच दिवसांत बदल केवळ पाच कलांच्या घरात राहतो. राशी महत्तम असते तेथे तिचा अवकलज शून्य असतो, हा नियम पुष्कळ विद्यार्थी अर्थ न कळता पाठ करतात. येथे तो सावलीने भूमीवर लिहून ठेवलेला दिसतो.

या शास्त्राचा इतिहासही सहकार्याचाच आहे. जयसिंहांच्या आश्रयास असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राटांनी अरबी भाषा आत्मसात केली व त्या भाषेतून युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० सालचा. ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार करताना ज्येतील सूक्ष्म फरक कोज्येच्या प्रमाणात असतो, हे तत्त्व त्यांनी वापरले आहे. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, असे चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून कळते. हा लेख १२०७ च्या सुमाराचा आहे. एक ग्रंथ अनेकांनी एकत्र बसून अभ्यासावा, ही दृष्टी आपल्या मातीत इतकी जुनी आहे.

माळव्यातच, उज्जैनच्या पूर्वेस, सिहोर हे गाव आहे. १८३० नंतरच्या दशकात तेथील इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन पंडितांसमवेत ‘सिद्धांतशिरोमणी’चे अध्ययन करीत व तेथील पाठशाळेला प्रोत्साहन देत. नागपूरला ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ शिकलेले बापूदेव शास्त्री हे मराठी तरुण पुढील अध्ययनासाठी याच पाठशाळेत आले. १८४१ साली विल्किन्सन निवर्तले. त्यांनी केलेले ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायाचे भाषांतर बापूदेवांनी तपासून सुधारले व ते १८६१ साली प्रसिद्ध झाले. भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व अवगत होते, असे प्रतिपादन करणारा लेखही बापूदेवांनी १८५८ साली प्रसिद्ध केला. ज्याच्या आश्रयाने शिक्षण झाले त्याचेच लिखाण विद्यार्थ्याने तपासले, यात दोघांचाही गौरव आहे.

तथापि एकत्र बसले म्हणजे अभ्यास झाला, असे समजणे घातक आहे. एकाने सोडवावे व चौघांनी उतरवून घ्यावे, हा प्रकार साह्याचा नसून नुकसानीचा आहे. म्हणून काही पथ्ये पाळावी लागतात. गट चार-पाच जणांचाच असावा. प्रत्येकाने उदाहरण प्रथम स्वतः सोडवून पाहावे व आपण कोठे अडलो ते नेमके सांगावे. ज्याला येते त्याने उत्तर न सांगता पुढील पायरी सुचेल असा प्रश्न विचारावा. खडू शक्यतो ज्याला कमी येते त्याच्या हाती द्यावा. आलेले उत्तर आकृतीशी व व्यवहाराशी ताडून पाहावे. न सुटलेली उदाहरणे एका वहीत टिपून शिक्षकांपुढे ठेवावीत. सहाध्यायीने सांगितलेली चूकही तितक्याच वेगाने पसरते. यासाठी आठवड्यातून एकदा शिक्षकांची नजर त्या वहीवरून फिरलीच पाहिजे.

हुशार मुलाचा वेळ यात वाया जातो, अशी शंका काही पालक घेतात. वरील उदाहरणात रेडियनची अट सर्वांनाच पाठ होती. ती कशासाठी आहे, हे मात्र मैत्रिणीच्या एका प्रश्नामुळे चौघांनाही उमगले. दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःच्या ज्ञानातील पोकळी उघडी पडते, हा लाभ शिकविणाऱ्याचाच होय.

या कामास लागणारा खर्च अल्प आहे. सायंकाळी उघडी राहणारी एक खोली, एक फळा, खडू व पुरेसा प्रकाश एवढ्यावर ते उभे राहते. ग्रामपंचायतींनी वाचनालयाची किंवा समाजमंदिराची जागा द्यावी. शिक्षणाधिकाऱ्यांनी वर्गखोली वापरू देण्याची वाट सुलभ करावी. मुलींना घरापासून जवळ व दिवसाउजेडी बसता येईल अशी वेळ ठरवावी. सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथील प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस सूर्य मध्याह्नी माथ्यावर येतो. पावसाळी ढग आड आले नाहीत, तर आपल्या गावचा तो दिवस गणिताने आधी काढून काठीच्या सावलीने पडताळता येतो. प्रत्येक गटाने पहिले उदाहरण म्हणून हेच घ्यावे. त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते. ते चौघांना मिळूनच शोधावे लागते.