वकिलासाठी कर्ज काढायच्या आधी

(कुंडल येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत, विधी सेवा पॅनेलवर काम करणाऱ्या एका वकील ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी कायद्याची कलमं पाठ म्हणून दाखवणार नाही. मी तुमच्या कर्जाच्या वहीबद्दल बोलणार आहे. गटातून अंतर्गत कर्ज घेताना आपण कारण लिहितो. शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी, दवाखाना. पण काही बायका कर्ज घेतात वकिलाची फी भरायला, आणि वहीत लिहितात 'घरखर्च'. लाज वाटते ना! समजा वीस हजार घेतले, शेकडा दोन रुपये व्याजानं. महिन्याला चारशे, वर्षाला चार हजार आठशे रुपये नुसतं व्याज. पोटगीचा पहिला रुपया हातात यायच्या आधीच ती बाई कर्जात.

हे कर्ज काढायची गरजच नव्हती, एवढंच सांगायला मी आले आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू झाला. या कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल त्याची यादी आहे. त्यात 'महिला' असा सरळ शब्द आहे. गरीब महिला, विधवा महिला असं काही नाही. नवऱ्याची दहा एकर बागायत असू दे, तुमचा हक्क कमी होत नाही. उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

यादीत आणखी कोण आहे? लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, अटकेत किंवा तुरुंगात असलेला माणूस. आणि पूर, दुष्काळ, भूकंपाचा फटका बसलेले लोकही आहेत. २०१९ चा महापूर आपल्या पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांनी सोसला आहे. पंचनाम्याचा, भरपाईचा वाद असेल तर त्यासाठीही कायद्याची मदत मागता येते. आणि इथं गळीत हंगामात कोपी घालून राहणाऱ्या ऊसतोड बहिणी? त्या दुसऱ्या जिल्ह्यातून आल्या म्हणून त्यांचा हक्क मागं राहत नाही. त्यांना हे कोण सांगणार? आपणच.

आता बायका मला विचारतात, "ताई, फुकट म्हणजे सरकार उपकार करतंय का?" अजिबात नाही. यासाठी देश, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर विधी सहाय्य निधी असतो. त्यात सरकारी अनुदान येतं, देणग्या येतात. सरकारचं अनुदान म्हणजे कुणाचा पैसा? मोबाईलचं रिचार्ज मारताना तुम्ही जीएसटी भरता, त्यातलाच. १९७६ साली घटनेत कलम ३९-अ घातलं, त्यात पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये ही जबाबदारी राज्यावर टाकली आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो. "फुकटचा वकील मन लावून काम करतो का?" खरं सांगते. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारी फी खासगी फीपेक्षा बरीच कमी असते, आणि कधी कधी उशिराही मिळते. त्यामुळे काही चांगले वकील पॅनेलवर यायला तयार नसतात. हा निधी वाढायला पाहिजे, असं आम्ही वकीलही म्हणतो. पण आपण अर्जच केले नाहीत तर वर काय दिसणार? या भागात गरजच नाही, असं. तुमचा अर्ज ही सुद्धा निधीची मागणीच आहे.

आणि वकील नीट काम करत नसेल तर गप्प बसू नका. प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, दुसरा वकील मागा. नेमून दिलेल्या वकिलानं तुमच्याकडून फी मागायची नाही, असा नियम आहे. मागितली तर तीही तक्रार करा. माझ्याबद्दल असली तरी करा!

अर्ज कुठं करायचा? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. सांगलीला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन करायचा तर १५१०० हा नंबर पाठ करा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, ते लिहून घेतील आणि अंगठा घेतील. आधार, रेशनकार्ड आणि प्रकरणाचे कागद सोबत न्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. वकिलाची फी, कोर्ट फी, नोटिसा, नकला, कागद तयार करण्याचा खर्च यातून होतो. पण तारखेला जायचं एसटीचं भाडं आणि बुडलेली मजुरी तुमचीच.

भांडण कोर्टात जायच्या आधीचा सल्लाही मोफत असतो, आणि तोच जास्त उपयोगी पडतो. हक्कसोडीचंच बघा. भाऊ म्हणतो, "ताई, नुसती सही कर." माहेर तुटेल या भीतीनं बाई सही करते. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असायलाच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे तुम्ही ठरवा. पण एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार अवघड, म्हणून आधी विचारा, मग सही.

लोकअदालतीचंही तसंच. तिथं तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. मनाला पटलं तरच सही करा. "मिटवून टाक गं" असं कुणी म्हटलं म्हणून नको.

बहिणींनो, आपण कुंडलात बसलोय. १९४३ नंतर प्रतिसरकारनं याच भागात न्यायदान मंडळं नेमली होती. गावातली भांडणं गावात, खर्चाशिवाय मिटवायची, नाडलेल्या बाईला दाद द्यायची, हे इथल्या माणसांनी करून दाखवलं. तेव्हा न्याय गावात आला होता. आज कायद्याची मदत तालुक्याला आहे, पण ती आपण होऊन दारात येत नाही. हाक मारावी लागते.

आणि मार खाल्लेली, घराबाहेर काढलेली बाई एकटी हाक मारू शकत नाही. तिथं गट पाहिजे. म्हणून प्रत्येक ग्रामसंघानं पुढच्या बैठकीत तीन गोष्टींचा ठराव करावा. एक, कोर्टकामासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला आधी मोफत वकिलाची माहिती द्यायची. दोन, पहिल्या वेळी तिच्यासोबत गटातली एक जण जाईल. तीन, तिच्या एसटी भाड्यापुरती छोटी मदत ग्रामसंघ करेल. दशसूत्रीत शासकीय योजनांचा लाभ घेणं हे सूत्र आहेच, त्यातच हे बसतं.

जिवाला धोका असेल तर मात्र बैठकीची वाट बघू नका. ११२ ला फोन करा, नाहीतर महिलांच्या १८१ वर.

तुमच्या वहीत पुढच्या वर्षी शेळीचं कर्ज दिसू दे, दुकानाचं दिसू दे. वकिलाच्या फीचं दिसायला नको. एवढं बोलून थांबते.