हे मूल कुणाचं?



आज आपण फार लांब, दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात जाणार आहोत. तिथल्या १९८५ या एका सालातले दोन सिनेमे आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. दोन्ही घरातलेच आहेत.

आधी थोडं मागे जाऊ. १९७६ साली तिथं लष्करानं सत्ता बळकावली. पुढच्या सात वर्षांत हजारो माणसं घरातून, रस्त्यातून उचलून नेली. ती परत आलीच नाहीत. त्यात गरोदर बायाही होत्या. कैदेत त्यांची बाळंतपणं झाली, मग त्यांना मारलं आणि तान्ही मुलं दुसऱ्यांच्या घरी दिली. अशी सुमारे ५०० मुलं असावीत, असं त्यांच्या आज्या सांगतात. १९७७ पासून आया दर गुरुवारी राजधानीतल्या मोठ्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं. सुरुवातीला ते बाळाच्या लंगोटाचं कापड होतं!

१९८३ च्या अखेरीस लोकांचं सरकार आलं. सेन्सॉरची कात्री गेली. आणि ३ एप्रिल १९८५ ला एक सिनेमा लागला. त्याच्या नावाचा अर्थ 'अधिकृत कहाणी'. दिग्दर्शक लुईस पुएन्झो, त्यांच्यासोबत लिहिणारी आयदा बोर्तनिक ही बाई.

यातली अलिसिया शाळेत इतिहास शिकवते. नवरा पैसेवाला, दत्तक मुलगी गॅबी पाच वर्षांची. परदेशातून परतलेली मैत्रीण तिला कैदेतले हाल सांगते, तिथून नेलेल्या बाळांचं सांगते. अलिसियाच्या मनात येतं, आपली गॅबी कुठून आली? नवऱ्यानं आणली, तिनं कधी विचारलंच नव्हतं. आता ती दवाखान्यात कागद शोधते. शेवटी एक आजी भेटते. तिच्याकडे हरवलेल्या लेकीचे लहानपणचे फोटो आहेत, चेहरा थेट गॅबीचा. अलिसिया आजीला घरी आणते. नवरा चिडतो, दारात तिची बोटं चिरडतो. ती घर सोडते. गॅबीचं पुढं काय होणार, हे सिनेमा सांगत नाही.

हा सिनेमा लागल्यावर तीनच आठवड्यांनी, २२ एप्रिलला, लष्कराच्या नऊ बड्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. डिसेंबरात पाच जणांना शिक्षा झाली, त्यातल्या दोघांना जन्मठेप. पुढच्या साली या सिनेमाला ऑस्कर मिळालं.

त्याच वर्षी मे महिन्यात एक हसवणारा सिनेमाही आला. म्हातारी आई कुठल्याच लेकासुनेला नको असते. एक दिवस ती दिसत नाही. रेल्वेखाली सापडलेलं प्रेत तिचंच, असं समजून सगळे गळा काढतात. ती मात्र समोरच्या घरी बाळ सांभाळत बसलेली! हसता हसता आपल्यालाही टोचतं, की जिवंतपणी तिची चौकशी कुणी केली होती?

खऱ्या आज्या थांबल्या नाहीत. रक्ताच्या तपासणीनं नातं सिद्ध करत त्यांनी आतापर्यंत १३० हून जास्त नातवंडं शोधली आहेत.

सख्यांनो, परक्याला जाब विचारणं एकवेळ जमतं. सुखात चाललेल्या आपल्याच घरात विचारणं फार जड जातं. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोला: अलिसियानं पाच वर्षं का विचारलं नसेल? आणि गॅबीवर हक्क कुणाचा, वाढवणाऱ्या आईचा की शोधत आलेल्या आजीचा? तुमचं म्हणणं आम्हाला जरूर कळवा.